जिनेवालीची कंबर

“ह्याच्या पहिल्या चाळीस पानांनाच हात लागलाय,” डिंकमावशी म्हणाल्या आणि त्या जाडजूड कादंबरीची कड त्यांनी ग्रंथपालसाहेबांच्या नाकासमोर धरली. “बघा. इथवर काळीकुट्ट आणि पुढे दुधासारखी पांढरी. आणि हे म्हणे लोकप्रिय!”

साहेबांनी नाक जरा मागे घेतलं. “मावशी, सहाशे पानं असतात. सगळी कोण वाचतं? गेल्या वर्षी एक्कावन्न वेळा बाहेर गेलंय ते. पुस्तक फिरलं पाहिजे.”

“फिरायला ते काय पाळणा आहे?”

साहेब हसले. वयाने मावशींच्या मुलासारखे होते, त्यामुळे त्यांना रागावता येत नसे. हातातली यादी टेबलावर ठेवून ते जिना चढून वर गेले.

ग्रंथालयाच्या तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत मावशी एकोणतीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत होत्या. वाचकांशी त्यांची गाठ पडायची ती त्यांच्या घाणीतून. कोण बोट थुंकीने ओलं करून पान उलटतो, कोण जेवताना वाचतो, कोण पुस्तकातच डास मारून तसाच मिटून टाकतो, कोण नाकातलं पानाच्या कोपऱ्याला पुसतो, हे त्यांना चेहरे न बघता ठाऊक होतं. रस्त्यात कुणी सभ्य माणूस पुस्तक बगलेत मारून चाललेला दिसला की त्यांना मळमळायचं.

त्यातही फॅन्टसीच्या कपाटाचा त्यांना विशेष तिटकारा होता. गोष्टींचा नव्हे, मुखपृष्ठांचा. तीच ती पाठमोरी, डोक्यावर झग्याचं टोपडं ओढलेली आकृती, तीच माणसापेक्षा लांब तलवार, तोच ड्रॅगन. आणि बर्फात उभी असलेली, अंगावर चिलखत म्हणून वीतभर पत्रा घातलेली बाई. “हिला थंडी वाजत नाही का गं?” असं मावशींनी एकदा काउंटरवरच्या बाईंना विचारलं होतं. लोक कपाटापुढे उभे राहायचे, पुस्तक बाहेर काढायचे, चित्र बघायचे आणि अंगठा फिरवायचे. वरचं प्लॅस्टिक कुठे झिजायचं हे मावशींना पाठ होतं. बाईच्या कंबरेपाशी. तेवढाच एक गोल डाग, घामाने पिवळा पडलेला. तो पुसताना त्या हातमोजे घालायच्या.

साहेबांनी ठेवलेली यादी रद्दीची होती. तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं काढून टाकायची होती. मावशी यादीवर बोट फिरवत खाली सरकल्या आणि तेराव्या ओळीवर थांबल्या. ‘नऊ हजार पायऱ्या. भाग एक ते तीन.’

ही तीन पुस्तकं त्यांची होती. म्हणजे ग्रंथालयाचीच, पण वाचलेली फक्त त्यांनी. लिहिणारा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या विहिरींत लोंबकळून त्याने एका अशा शहराची गोष्ट रचली होती जे वर न वाढता जमिनीत खाली खाली उतरत जातं. पदरमोड करून छापली होती. मुखपृष्ठ चिखलाच्या रंगाचं, त्यावर जिन्याचं चित्र. पण जिना म्हणावा तर फणीसारखा दिसायचा. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या भागाची पाठ उसवली म्हणून तो खाली आला होता. खळ वाळेपर्यंत चार ओळी वाचाव्यात म्हणून मावशींनी तो उघडला आणि त्या दिवशी घरी जायची वेळ झालेली त्यांना कळली नाही.

त्या शहरात एक जिनेवाली होती. पन्नाशी उलटलेली, अंगाने आडवी, गुडघे कुरकुरणारी, डाव्या हाताची दोन बोटं नसलेली. कमरेला खिळ्यांची पिशवी बांधून ती रोज पायऱ्या ठोकून बघायची. राजे, सेनापती, जादूगार तिच्या अंगावरून जायचे, तिच्याकडे कुणी बघायचं नाही. शत्रूचं सैन्य चालून आलं तेव्हा सगळे शूरवीर वर लढायला धावले आणि मरून पडले. जिनेवालीने काय केलं? एक पायरी सैल करून ठेवली, बस. सैन्य खाली उतरायला लागलं.

ते पान वाचताना मावशींनी स्वतःचे सुजलेले, चिकट हात पाहिले होते.

आणि आता ती रद्दीत.

त्या वर गेल्या. “साहेब, हे तीन राहू द्या.”

“कुणी नेतं का मावशी? नियम आहे. तुम्हीच सांगा, असलं मुखपृष्ठ बघून कोण हात लावेल?”

“आत काय आहे ते...”

“आतलं नंतर येतं,” साहेब म्हणाले. “महिनाअखेरपर्यंत बघू. कुणी नेली तर राहतील.”

घरी मावशींनी नवऱ्यापुढे भडाभडा सगळं ओकून टाकलं. चित्र बघून पुस्तक उचलतात, मेले! अक्कल कुठे गहाण टाकतात? नवरा शर्टाचं बटण शिवत बसला होता. तो शांतपणे म्हणाला, “मी तरी काय केलं होतं? तुझा फोटोच पाहिला होता ना?”

“अहो, पण...”

“आणि फोटोत तू चांगली सडपातळ होतीस.”

मावशी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलल्या नाहीत. मग हसल्या. मात्र अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या डोक्यात ते वाक्य वेगळ्याच बाजूने शिरलं.

खोलीत एका कपाटात जुनी वेष्टणं साठलेली होती. पुस्तकाचा पार भुगा झाला की आतलं रद्दीत जायचं आणि वरचं चकचकीत वेष्टण मावशी काढून ठेवायच्या, पुठ्ठ्याला अस्तर म्हणून उपयोगी पडतं म्हणून. त्यातून त्यांनी तीन निवडली. पहिल्या भागाला टोपडंवाला. तिसऱ्याला ड्रॅगन. दुसऱ्याला, ज्यात जिनेवाली होती त्याला, बर्फातली बाई. जुनी नावं कापून काढली, त्याजागी जाड अक्षरांत ‘नऊ हजार पायऱ्या’ चिकटवलं. बाईच्या पोटावर घडी पडू नये म्हणून तळहाताने कागद दाबून बसवताना त्यांना स्वतःच्या हाताची किळस आली. त्यांनी साबण लावून तीनदा हात धुतले.

पुस्तकं वर गेली आणि आठवड्यात तिन्ही बाहेर. सगळ्यांत आधी गेला तो दुसरा भाग.

“अहो, पहिला न वाचता दुसरा कसा नेला?” मावशींनी विचारलं.

“तिघांनी नंबर लावलाय दुसऱ्याला,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. “एक गृहस्थ परत देताना भांडले. म्हणाले, ही बाई कितव्या पानावर येते?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, सगळीकडे आहे, नीट वाचा.”

पुस्तक खाली आलं तेव्हा मावशींनी कड पाहिली. चाळीस पानं काळी. पुढे दुधासारखी. एकाने मात्र दोनशे दहापर्यंत मजल मारली होती आणि तिथे काहीतरी तेलकट सांडून ठेवलं होतं. कंबरेवर गोल डाग पडायला सुरुवात झालीच होती.

साहेब खूष झाले. “बघा मावशी, मी म्हणत नव्हतो?” त्यांनी लेखकाचा पत्ता शोधला आणि एका रविवारी वाचकांना भेटायला बोलावणं धाडलं.

तो निरोप मावशींना कळला. ज्या माणसाने जिनेवालीची एकेक सुरकुती लिहिली होती, त्याला ही पत्रा घातलेली बाई बघावी लागणार. त्यांनी माफीची वाक्यं मनात जुळवून ठेवली. ‘दादा, रद्दीत जात होती हो, म्हणून केलं. नाइलाज होता.’

लिफ्टवाले कार्यक्रमाआधी स्वतःच तळघरात आले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, पायात नवे कडक बूट. हातात दुसरा भाग.

“हे तुम्ही केलंत?”

“दादा...” मावशी उठल्या.

“बसा, बसा.” ते मुखपृष्ठाकडे बघत होते. त्यांचा अंगठा कागदावर फिरत होता. मावशींनी नजर वळवली. “झकास आहे हो! मलाच त्या वेळी हे सुचायला हवं होतं. मी आपला जिना काढत बसलो.”

मावशींची जुळवलेली वाक्यं वाया गेली. त्या म्हणाल्या, “पण ही जिनेवाली नाही.”

“नाही कशी? लोकांना तीच वाटते. वरती चाळीस माणसं बसलीत, मावशी. सही मागतायत! मला आजवर सही मागितली ती फक्त लिफ्टच्या तपासणीच्या कागदावर.”

ते बोलताना त्यांचे डोळे ओले होते. त्यांचा आनंद खोटा नव्हता. ते वर गेले. वरून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा मावशींनी खळीचं भांडं खसाखसा घासायला घेतलं.

दोन महिन्यांनी लिफ्टवाले पुन्हा आले. बगलेत सुट्या कागदांचा गठ्ठा. चौथा भाग.

“प्रकाशक भेटलाय,” ते म्हणाले. “त्याला दाखवायला नीट शिवलेली प्रत हवी. आणि म्हटलं, पहिल्यांदा तुम्हीच वाचा. तुम्ही वाचवलंत मला.”

मावशींनी चष्मा पुसला आणि टेबलाशी बसून वाचायला घेतलं. ते समोरच्या स्टुलावर बसून राहिले, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे.

तिसऱ्या पानावर जिनेवालीचा पाय घसरला. ओल्या पायरीवरून ती खाली गेली आणि मेली. पाच ओळींत. चौथ्या पानावर तिची भाची आली. वय एकोणीस, केस लांब, कंबर मुठीत मावेल अशी. सातव्या पानावर ड्रॅगन.

मावशींनी कागद खाली ठेवले.

“चाळीस वर्षं,” त्या म्हणाल्या, “तिने एकेक पायरी ठोकून बघितली. ती घसरेल?”

“वय झालं होतं तिचं.”

“माझंही झालंय. मी सुई चुकवते का?”

लिफ्टवाले खाली बघत म्हणाले, “पुस्तकं छापल्यापासून तिच्याबद्दल मला एकानेही विचारलं नाही हो, मावशी. तुम्ही पहिल्या. त्या दिवशी वरती सगळे विचारत होते, बर्फातल्या बाईचं पुढे काय होतं. मी किती दिवस एका माणसासाठी लिहू?”

चित्र मावशींनीच चिकटवलं होतं. लोकांनी उचललं त्याच्याबद्दल लोकांना शिव्या देता येत होत्या. पण या माणसाला ते चित्र दाखवलं कुणी? एकोणतीस वर्षं त्यांना दुसऱ्यांच्या हातांची किळस येत आली होती. आज आपल्या हातांकडेच बघवेना.

त्यांनी गठ्ठा जुळवला, कडा ठोकून सारख्या केल्या, टोच्याने भोकं पाडली. काम वाईट करणं त्यांना येत नव्हतं. दोरा मेणातून ओढला आणि शिवायच्या आधी गठ्ठ्यातून एक कागद बाहेर काढून त्यांच्यापुढे ठेवला.

“हे पान मी शिवणार नाही, दादा.”

“अहो, मग ती मेली हे कळणार कसं?”

“दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्या. माझ्या हातून नाही.”

लिफ्टवाल्यांनी पान उचललं, वाचलं, परत ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. वाईट वाटलं असावं, पण तेही फार नाही. “असू दे तुमच्याकडे,” ते म्हणाले. “माझ्याकडे दुसरी प्रत आहे. घरी घालून घेईन.”

मावशींनी बाकीचं शिवलं, पाठीला कापड लावलं, दाबाखालून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, “फार सुंदर झालं हो,” असं मनापासून म्हणाले आणि बूट वाजवत जिना चढून गेले. वरच्या पायरीवर ते क्षणभर थांबले, कठड्याला धरलं, आणि दिसेनासे झाले.

टेबलावर दुरुस्तीची चौदा पुस्तकं थांबली होती. मावशींनी ते पान पालथं घातलं आणि खळ टेबलाला लागू नये म्हणून पुस्तकांखाली ठेवायचा कागद असतो, त्या जागी पसरलं. पहिल्या पुस्तकाची पाठ त्यावर टेकवून ब्रश फिरवला. मग दुसरं. पाचच्या सुमाराला कागद भिजून इतका जड झाला की त्याची अक्षरं टेबलाकडच्या बाजूला आहेत की वरच्या, हेही कळेनासं झालं. मावशींनी तो दोन बोटांनी उचलला, बादलीत टाकला आणि पुढच्या पुस्तकासाठी दुसरा कागद घेतला.