मिलवॉकी कोणीच म्हणत नाही

रेडिओवर सकाळपासून एकच विषय. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचून चेंडू फेकणारा गडी, रीस व्हासेक सेंट लुईस सोडतोय, तर त्याने जावं कुठे?

पहिला फोन: "सॅन डिएगो! ऊन, समुद्र, आणि चेंडू झेलायला हरणासारखे पळणारे दोन गडी. माणसाला आणखी काय लागतं?"

दुसरा: "ओरलँडो. थंडी नाही, आणि तिथल्या लोकांना हरायची सवय आहे. कोणी बोलणार नाही त्याला."

तिसरा फोन एका बाईंचा, आवाजावरून वयस्कर: "मी त्याच्या नावाचा शर्ट जाळला अंगणात. जाऊ दे कुठंही. मान मोडून पडू दे मेल्याला."

निवेदक हसला. मी रेडिओ बंद केला.

आमच्या खेळात, अमेरिकन फुटबॉलमध्ये, दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. मलाही चारच मिळाले.

*

पहिला प्रयत्न

रीसच्या मागच्या अंगणात. तो डुकराच्या बरगड्या धुरावर भाजत होता, मी खुर्चीवर. म्हणजे खुर्ची माझ्याखाली कशीबशी.

"मोठ्या, सगळा देश मला सल्ला देतोय. तूच तेवढा गप्प."

"मिलवॉकी."

तो एवढा हसला की त्याची मुलगी घरातून डोकावून गेली.

"मिलवॉकी? कोणी म्हणतंय का मिलवॉकी? एप्रिलपर्यंत बर्फ. आणि तो म्हातारा कोच! दर दुसऱ्या चालीला क्वार्टरबॅकला सेंटरच्या बुडाशी नेऊन उभा करतो. तसं आता कोण खेळतं?"

"म्हणूनच म्हटलं."

त्याचं हसू थांबलं. चिमटा त्याने उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि एकेक बरगडी उलटली.

"बार्बेक्यूला बोलावलं तुला," मग म्हणाला. "उगाच भूक मारू नको."

*

हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी सेंटर. ओडेल प्रुएट. माझं काम वाकून चेंडू धरणं आणि पायांमधून मागे देणं. चेंडू मागे देण्याच्या दोन पद्धती. एकीत क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असतो आणि मी चेंडू फेकतो. दुसरी जुनी. तो माझ्या पाठीला चिकटून उभा राहतो आणि दोन्ही हात माझ्या मांड्यांमधून खाली धरतो. उजवा हात वर, त्या हाताची मागची बाजू माझ्या बुडाला दाबलेली. तो दाब लागला की मला कळतं चेंडू नेमका कुठे द्यायचा. मागे बघावं लागत नाही. माझी बायको मार्लीस लग्नाच्या पार्टीत सगळ्यांसमोर म्हणाली होती, याला माझ्यापेक्षा रीसचे हात जास्त ओळखीचे आहेत. लोक पोट धरून हसले. खोटं नव्हतं.

गेल्या हंगामात, मोठी धडक बसली की पुढच्या चालीला तो दाब लागत नव्हता. हात असायचा, पण टांगलेल्या ओल्या कपड्यासारखा.

मी विचारलं नाही. आमच्यात रीत आहे: तिथे जे कळतं ते तिथेच राहतं. क्वार्टरबॅकचं कुठे दुखतंय हे समोरच्यांना कळलं तर ते तिथेच मारतात. शेवटी त्यानेच सांगितलं, कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावून. कोणाला न कळवता तो दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरकडे जाऊन आला होता. मानेच्या मणक्यातून मज्जारज्जू जातो ती वाट त्याच्यात अरुंद आहे. डोकं खाली असताना आणखी एक धडक बसली तर हात जाईल. कदाचित पायही. कायमचे. विश्रांती मिळाली की हात पूर्ववत होतो, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण वेगळ्या तऱ्हेने. तेव्हापासून तो प्रत्येक चालीला पाच यार्ड मागे उभा राहायला लागला. लोकांना वाटलं नवीन शैली आहे.

मग आमच्याकडे नवा कोच आला. त्याला जुनी पद्धत हवी होती. आठवड्याच्या आत रीसने दुसरीकडे जायची मागणी केली. रेडिओ म्हणतो, अहंकार. त्याच्या करारात लिहिलंय की त्याच्या होकाराशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही. म्हणजे गाव तोच निवडणार.

आणि मी मिलवॉकी म्हटलं, कारण तिथे पहिल्याच मॅचला कोणीतरी सेंटर त्याचा हात ओळखेल. असा कोणी, ज्याने माझ्यासारखी शपथ घेतलेली नसेल.

*

दुसरा प्रयत्न

त्याच्या गाडीत, जिमच्या वाटेवर. मी म्हटलं, "रीस, त्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तू एम्मालीनला, स्वतःच्या बायकोला तरी—"

"बाबा, कुठले डॉक्टर?" मागच्या सीटवरून मुलगी.

"ओडेलकाकाचे," रीस म्हणाला. "त्याला खूप खाण्याचा आजार झालाय."

ती खुदखुदली. रीस आरशातून तिच्याकडे बघत होता, रस्त्याकडे नाही. पुढचा सिग्नल लाल होता. मी हात डॅशबोर्डवर ठेवला तेव्हा त्याने ब्रेक मारला.

*

तिसरा प्रयत्न

फोन केला. त्याने उचलला नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

*

चौथा प्रयत्न

तो स्वतः आमच्या घरी आला. हातात बेकरीतला पीच-पाय, मार्लीसच्या आवडीचा गोड पदार्थ. म्हणजे काहीतरी मागायला आला होता.

"सॅन डिएगो तयार आहे," तो म्हणाला. "माझी एकच अट आहे. तू."

मार्लीस आनंदाने किंचाळली आणि त्याच्या गळ्यात पडली. तो दचकला. मान वाचवायला खांदा वर गेला, एवढासाच. तिला ते दिसलं नाही. ती फोन घेऊन बहिणीला समुद्राबद्दल सांगायला आत गेली.

आम्ही दोघेच उरलो. मध्ये तो पीच-पाय.

"तुला मी का हवाय?"

"जगातला सगळ्यात चांगला सेंटर आहेस."

"लीगमधले किमान दहा जण माझ्यापेक्षा बरे आहेत. खरं सांग."

तो पीच-पायवरचा कागद बोटाने सरळ करत राहिला. कागद सरळच होता.

"तिकडे सगळं मागूनच खेळतात," तो म्हणाला. "फक्त गोलरेषा यार्डभर राहिली की जवळ यावं लागतं. हंगामात सात-आठदा. तेवढ्यापुरता समोर तू असलास तर..."

"तर कोणाला कळणार नाही."

"तर मला भीती वाटणार नाही. हे का नाही म्हणत तू?"

मला वाटलं होतं, मी मिलवॉकी का म्हटलं ते त्याला कळलं नसेल. त्याला त्या अंगणातच कळलं होतं.

"यार्डभर राहिली की काय करायचं असतं, रीस? डोकं खाली घालून माझ्या मागून ढिगाऱ्यात घुसायचं. समोरून चारशे किलो माणूस. त्या डॉक्टरांनी हेच नको म्हटलं होतं ना?"

"सात-आठदा, मोठ्या."

"एकदा पुरे."

"मला दुसरं काही येत नाही रे." आवाज चढला नव्हता. "चौतीस वर्षांचा आहे मी. मला फक्त चेंडू फेकता येतो. घरी बसून काय करू, बरगड्या भाजू?"

"भाज. चालून फिरून भाज."

"येणार आहेस की नाही?"

"नाही."

"नाही आलास तरी मी जाणार."

"माहितीये."

तो उठला. दारात जरा थांबला. आतून मार्लीस बहिणीला सांगत होती, तिकडे म्हणे लिंबं परसातच लागतात. रीसने तिला ऐकू जाईल अशा आवाजात निरोप घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर ढोल. सॅन डिएगो. वर्षभराची तिकिटं दुपारपर्यंत संपली.

*

चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत, की चेंडू दुसऱ्यांकडे जातो.

मी शपथ मोडली. आधी सॅन डिएगोच्या टीमच्या डॉक्टरांना फोन केला. ते नीट बोलले. म्हणाले, आमच्या तपासणीत हाताची पकड उत्तम होती. मी म्हटलं, ती आत्ता उत्तमच असणार, सुट्टी आहे, मानेचं चित्र काढा. मग म्हणाले, खेळाडूने तशी तक्रार केलेली नाही आणि मालकांनीही मागणी केलेली नाही. आणि मिस्टर प्रुएट, तुम्हाला त्याच्याबरोबर घ्यायचं ठरलं होतं ना? ते बारगळलं असं ऐकलं. मला तुमची मनःस्थिती समजते.

म्हणून मग टाविटाला फोन केला. सॅन डिएगोचा सेंटर, सामोआ बेटांवरचा, माझ्याहून रुंद. एकमेकांशी फार बोललो नव्हतो, पण दोघं सेंटर एकमेकांना ओळखतात. पलीकडे त्याच्याकडे बरीच माणसं होती, कोणीतरी गात होतं. मी सगळं सांगितलं. गाणं दूर गेलं. तो बाहेर आला असावा.

"हे मला सांगायला नको होतं, ओडेल."

"माहितीये."

"कोणता हात?"

"उजवा. वरचा."

"सरावात बघतो. सोमवारी जवळ बोलावतो त्याला. कोच ओरडेल, ओरडू दे."

"सरावात क्वार्टरबॅकला कोणी हात लावत नाही, टाविटा. धडकच नाही. हात ठीक असेल."



"म्हणजे मॅचमध्येच," तो म्हणाला. "गोलरेषेपाशी."

"हो."

"दाब लागला नाही तर मी चेंडू सोडणारच नाही. बसून राहीन तसाच."

"वेळ लावला म्हणून दंड होईल. पाच यार्ड मागे."

"होऊ दे. मागे गेलं तर बरंच. मग त्याला घुसावं लागणार नाही."

"दोनदा केलंस की कोच तुला बाहेर काढेल. बदली सेंटर आणेल. त्याला काही माहीत नसेल."

पलीकडून कोणी बाई त्याला जेवायला हाक मारत होती. त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. मग मला म्हणाला, "त्या बदली पोराचा नंबर पाठवतो तुला."