गप्प बसवलेली पेशी

मी एक जुनी बी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी आहे. हसू नका मित्रांनो, आमच्यात थोडे दिवस काढले की म्हातारपण येते. परंड्याच्या शरणम्मा खव्याची भट्टी चालवतात. त्यांच्याच रक्तात माझा मुक्काम असतो.

हाडांतल्या मगजात मी आणि माझी शेजारीण बरोबरच जन्मलो. जंतू पकडायला आम्हा प्रत्येकीला वेगळ्या घडणीचा हात मिळतो. बाहेर सोडण्याआधी त्याची परीक्षा होते. शेजारणीचा हात कशालाच चिकटला नाही, तरी ती पास! माझा मात्र शरीरातल्याच एका कणावर बसला. हा कण सांध्यांतही असतो. मला वाटले, पहिला नंबर माझाच. पण तिथला न्याय उलटा होता. ज्यांची पकड घट्ट, त्यांना हात बदलायला लावला. ज्यांना ते जमले नाही, त्या तिथेच संपल्या. माझी पकड जरा सैल होती, म्हणून मला बाहेर सोडले, पण गप्प बसवून.

मग शरणम्मांचा घसा बसला, ताप चढला. नेमका तो जंतू शेजारणीच्या हातात सापडला. आमच्या वाढीला परवानगी देणाऱ्या मदतनीस टी पेशीने तिला होकार दिला. एकीच्या हजारो झाल्या, प्रतिपिंडे सुटली, ताप उतरला. जिकडेतिकडे तिचेच कौतुक. माझा नुसता जळफळाट झाला. ती कशालाही न चिकटणारी, आणि मान तिला?

मीही मदतनीस पेशीकडे गेले. म्हटले, "मलाही होकार द्या."

"तू धरलंयस ते आपल्याच घरचं हाय," ती म्हणाली आणि निघून गेली. मी कितीतरी वेळ धुमसत राहिले.

त्याच आठवड्यात शरणम्मांची थोरली बहीण गौराबाई आली. खवा आटवायला तिनेच धाकटीला शिकवले होते. सवयीने ती कढईपाशी बसली, पण उलथणे हातातून निसटले.

"अक्का, बोटं मिटंनात व्हय?"

"न्हाय मिटत गं. डॉक्टर म्हणले, आपल्याच रगतातल्या पेशी सांध्यांवर उलटल्यात."

माझ्यासारख्याच कुणालातरी तिच्या अंगात होकार मिळाला होता.

शरणम्मा एकट्याच खवा हलवू लागल्या. गौराबाई हात मांडीवर ठेवून बघत राहिली. तिची नजर बहिणीच्या बोटांवरून हलेना. ती नजर मी चांगली ओळखते.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू, शेजारणीचा हेवा मला अजून वाटतो. शरणम्मांच्या बोटांतून जाताना माझा हात शिवशिवतो. म्हणून मदतनीस पेशींना माझे एकच सांगणे आहे. मी कितीही गयावया केली, तरी मला होकार देऊ नका.