तुसातला निळा डबा

आमची सून सगुणा खोटं बोलत नाही, आणि माझ्या मते हाच तिच्यातला सगळ्यात मोठा दोष. शेजारीण कालवण मागायला आली तर "संपलं" म्हणून वाटेला लावायचं सोडून ही टोपाचं झाकण काढून दाखवते. घरात एक वेळ चालेल. पण सरकारी कागदावर?

सगुणा नर्स, रोह्याजवळच्या आमच्याच गावातल्या उपकेंद्रात. दोन हजार आठचा पावसाळा होता. कुंडलिका नदी फुगलेली, तीन दिवस वीज नाही. सकाळी नऊ वाजता ही एक निळा डबा कवेत धरून ओटीवर आली.

"आई, याला कोणी हात लावायचा नाय. उघडायचा तर नायच."

"हाय काय त्यात?"

"अष्टमी गावच्या अमीनाभाभींच्या नातवाची शी."

मी उभी होते ती खालीच बसले. "आणि सोन्याची वीट आणल्यासारखी छातीशी धरलीयस? माझ्या ओटीवर?"

मग तिने सांगितलं. पाच वर्षांच्या पोराचा पाय तापानंतर एकाएकी लुळा पडला होता. पोलिओ की दुसरं काही, हे मुंबईच्या प्रयोगशाळेतच कळतं. पाय गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत दोन नमुने घ्यायचे आणि बर्फात थंडगार पोचवायचे. तो तेरावा दिवस. नेणारा माणूस सकाळच्या गाडीने निघणार होता, पण जिते स्टेशनाजवळ रुळावर पाणी आलं. जीप येणार ती दुसऱ्या दिवशी. उपकेंद्रातला फ्रिज गरम, आणि छप्पर गळत होतं.

"डब्यातला बर्फ वितळला तर?"

"नमुना बाद. मग त्या पोराला काय झालं ते कधीच कळायचं नाय. अन् आई, हा आकडा नुसता रोह्याचा नसतो. साऱ्या देशांची यादी एकच हाय. इथलं एक पोर नजरेतून सुटलं, की दुसऱ्या मुलखातली पोरं धोक्यात."

यादीचं मला काही कळलं नाही. मला आमची सरू आठवली. माझी थोरली. चार वर्षांची असताना तापली, आणि उठली ती पाय ओढतच. पेणच्या डॉक्टरने "ताप होता" एवढंच सांगितलं. कसला ताप? आज सरूची पोरं कमावती झाली, तरी मला ठाऊक नाही. तिच्यासाठी डबा घेऊन कोणी धावलं नव्हतं.

मी पदर खोचला. माझं माहेर पेणच्या खाडीवरचं. आमच्याकडचा जिताडा मासा मुंबईला जायचा तो बर्फात आणि भाताच्या तुसात, आणि तिकडचे लोक ताजा म्हणून भांडून घ्यायचे. मी बाजारात हौसा मासळीवालीकडे गेले.

"गोणभर बर्फ? जावई येतोय, का मयत ठेवायचंय गो धोंडुबाई?"

"तुझी जीभ ठेवायचीय. दे लवकर."

तूस पोह्याच्या गिरणीतून आणलं. खाली बांबूची पाटी, म्हणजे पाणी निथळून जातं. बर्फ स्वतःच्याच पाण्यात बसला की गेला. पाटीत तूस, त्यावर बर्फ, मधे बंद डबा, पुन्हा बर्फ, पुन्हा तूस, वरून कोरडं गोणपाट. डब्याचं झाकण हललं नाही. सगुणा हातमोजे शोधून येईपर्यंत माझं काम आटोपलं होतं. तिने माझे हात कोपरापर्यंत साबणाने दोनदा धुतले, मी बालवाडीतली असल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी एक वाजता जीप आली. अमीना पण आली, पावसात भिजत. सगुणा डब्याबरोबरचा कागद भरायला बसली. मी म्हटलं, वाच. तिने वाचलं: डबा अठ्ठावीस तास घरी, वीज नाही, बाहेरून बर्फ आणि तूस, सासू धोंडुबाई हिने हातमोज्यांशिवाय हाताळला.

माझं नावसुद्धा!

"फ्रिजात होता म्हणून लिही गो! कोण बघायला आलं होतं?"

"मुंबईत जो डबा उघडेल, त्याला खरं नको कळायला?"

"आणि त्याने बाद केला तर? ही अमीना उभी हाय, तिला सांग."

सगुणाचं पेन थांबलं. तिने अमीनाकडे पाहिलं. अमीना म्हणाली, "लिही बेटी. मला खोट्यावरचं उत्तर घेऊन काय करायचंय?"

झालं. दोघी एक. जीप गेली आणि मी सुनेशी बोलणं टाकलं.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. डबा पोचला तेव्हा आतला बर्फ शाबूत, नमुना चांगला, पोलिओ नाही. पोराच्या पायात हळूहळू जोर येत होता. अमीनाने घरी वाफवलेली सांदणं आणली. मी खाल्ली, पण सुनेशी बोलले नाही.

थंडीत उपकेंद्रात पाहुणे आले, देशोदेशीचे डॉक्टर, गावोगावचे कागद तपासत फिरणारे. त्यांतल्या इंडोनेशियाच्या बाईच्या हातात तोच कागद. दुभाष्याने विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी मनात म्हटलं, गेली हिची नोकरी.

सगुणा उठली. "मी. डबा घरी ठेवला ते चुकलं. हातमोजे नव्हते तेही चुकलं."

बाई म्हणाल्या, "चुकलंच. पण तुम्ही लिहिलंत म्हणून आम्हाला कळलं, की इथे वीज गेली तर बर्फ नसतो. त्याची सोय आता करता येईल. नुसतं 'ठीक' लिहिलेल्या कागदावरून काय करणार?" मग त्यांनी विचारलं, सासूबाई कोण? त्यांच्या मुलखात नुसती बेटं, नमुना होडीतून यायला दोन दोन दिवस. आणि तूस तिकडेही ढिगाने.

मी पाटी मागवली. या वेळी हातमोजे घातले. थर लावून दाखवले, आणि त्या डॉक्टरीण बाईने जमिनीवर बसून माझ्या पाटीचं चित्र वहीत काढून घेतलं. दुसरी यत्ता शिकलेली मी, आणि माझी पाटी समुद्रापार निघाली. सगळं गाव दारात उभं होतं. हौसाचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं.

गाड्या गेल्या. सगुणा कोपऱ्यात सांडलेलं तूस झाडत होती, माझ्याकडे न बघता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं,

"सगुणे, तुझ्या आईला मी आजवर नावंच ठेवली. पण पोरगी तिने माझ्यापेक्षा सरस वाढवली गो."