बायकोच्या नावाची सही

रविवारी सकाळी पूर्णिमा पोळ्या लाटत होती, तेव्हा ऑर्लाचा फोन आला. आयर्लंडमधल्या शॅननच्या एका कारखान्यात रुग्णांच्या शिरेत घालायच्या बारीक नळ्या बनतात. ऑर्ला तिथली गुणवत्ता प्रमुख आणि पूर्णिमा तिच्या हाताखाली. माल पाठवायचा की अडवायचा हे पूर्णिमाच्या सहीवर ठरतं. सही म्हणजे तिने संगणकावर आपल्या खात्यातून दिलेली मंजुरी.

"ती अडवलेली बॅच तू सोडलीस?" ऑर्लाने विचारलं. "पाकिटांची चिकटवण सुटलीय, आतल्या नळ्या निर्जंतुक राहिल्या नाहीत. एका पेशंटला ताप आलाय. बुधवारी तीन दहाला तुझी सही आहे. रजेवर होतीस, फोनवरून केली असशील."

"बघून सांगते," पूर्णिमा म्हणाली.

चिकटवणीचीच शंका येऊन तिने सोमवारी ती बॅच अडवली होती. मंगळवारपासून सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी ती रजेवर होती. तिने तव्यावरची पोळी उलटली, मग विक्रांतला विचारलं.

"अगं, मीच सोडली," नवरा म्हणाला. तो कपाटातून डबे काढत होता. "ट्रक उभा होता, शिफ्टवाले डोक्यावर बसले होते यार. तू आईबरोबर होतीस, म्हटलं कशाला डिस्टर्ब करायचं?"

विक्रांत त्याच कारखान्यात कोणाला कुठली परवानगी हे ठरवणारं सॉफ्टवेअर सांभाळायचा. कोणाचं खातं अडलं, तर मदत करणाऱ्याला थोडा वेळ त्या माणसाचं रूप घेऊन आत शिरता येतं. ही सोय मोजक्या, साध्या खात्यांपुरती ठेवायची असते आणि रूप कोणी घेतलं याची नोंद राहायला हवी असते. विक्रांतने गेल्या वर्षी घाईत ती सगळ्या खात्यांवर खुली सोडली होती. नंतर टाइट करू, म्हणाला होता. तेव्हापासून शिपायाने कलेक्टरच्या खुर्चीत बसून हुकूम काढावा आणि खाली नाव कलेक्टरचंच लागावं, असा कारभार चालला होता.

ही संगणकातली चूक, असं तुम्ही म्हणाल. अर्धी आहे. उरलेली अर्धी नागपूरहून सामानाबरोबर आली होती. लग्नापासून पूर्णिमाचं बँकेचं खातं, व्हिसाचे अर्ज, टॅक्स, सगळं विक्रांतच भरायचा. "तू कशाला डोकं लावतेस?" असं लाडाने म्हणायचा. तीही सुटल्यासारखी त्याला पासवर्ड सांगून टाकायची, हेही लिहायलाच हवं. विक्रांत दुष्ट नव्हता. बायकोचं नाव वापरायला विचारावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"तू हो म्हण," जेवताना तो म्हणाला. "चुकून झालं म्हण. तुला फार तर वॉर्निंग मिळेल. माझं कळलं तर नोकरी जाईल. माझं इथलं कामाचं परमिट गेलं तर तुझं नि घराचं काय?"

पूर्णिमाने त्याला भात वाढला. राग येईल म्हणून ती वाट पाहत होती, पण आला नाही. रडूही आलं नाही. तिला आपले हात दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते.

"एवढं काय मनाला लावून राहिली तू?" सासूबाई, शोभनाबाई, म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा होता. "माझी सही तर विकूचे बाबाच करत होते जन्मभर. माहेरचा प्लॉट विकला, तर मले घेणाऱ्याच्या वास्तुशांतीचं बोलावणं आल्यावर कळलं."

"मग तुम्ही काय केलंत, आई?"

"काय करणार? गेली ना मी जेवायला. वाढलं तेवढं खाल्लं."

मग पूर्णिमाने विचारलं, "आई, बुधवारी तीन दहाला मी कुठे होते?"

विक्रांतने आईकडे पाहिलं. म्हातारीने ताटात बोट फिरवलं. "लिमरिकले, दवाखान्यात. माझ्या डोळ्यात थेंब टाकत होती," ती म्हणाली. "कोणी विचारलं, तर मी हेच सांगीन, विकू. रागवू नको."

सोमवारी पूर्णिमा ऑर्लासमोर बसली. "ती मंजुरी माझी नाही. माझ्या नवऱ्याने माझं रूप घेऊन दिली. त्याला ते करता आलं, कारण ती सोय कोणाच्याही खात्यावर चालते. तुमच्यासुद्धा."

ऑर्लाने हातातला कप खाली ठेवला. दुपारपर्यंत ती सोय बंद झाली. वर्षभरातली एकही मंजुरी आता विश्वासाची राहिली नव्हती. माल परत मागवायला सुरुवात झाली. विक्रांतला घरी पाठवलं आणि चौकशी होईपर्यंत पूर्णिमालाही.

गाडीत तो म्हणाला, "आपल्या माणसाला असं बुडवतात का गं?"

"तो ताप आलेला माणूस आज शुद्धीवर नाहीये," ती म्हणाली. "मी हो म्हटलं असतं, तर उद्या माझ्याच नावाने आणखी एक बॅच गेली असती." आवाज सपाट होता. नवऱ्याची दया येत होती, पण तीही लांबून.

घरी येऊन तिने बँकेचा पासवर्ड बदलला. विक्रांत शेजारीच बसला होता. त्याने सवयीने विचारलं, "काय ठेवलास?"

तिने सांगितलं नाही. वाचकहो, तुमच्या घरी हा प्रश्न कोण कोणाला विचारतं?