दोन दिवसांची फुलं

शेषेरावसाहेब पडले तेव्हा मी कॉलेजच्या पोर्चसमोर पोटावर आडवा झालो होतो. कॅमेऱ्यातून मला आधी त्यांचा काळा बूट दिसला, मग पांढरी पँट, आणि मग आभाळाकडे गेलेला दुसरा बूट. माझ्या फोटोत मध्येच कोण कडमडलं म्हणून मी चिडलो. माणूस पडलाय हे त्यानंतर लक्षात आलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज होणार नाही.

शेषेरावसाहेब संस्थेचे सचिव, वय सत्तरीच्या पुढे. दगडी पायरीवर साचलेल्या बुचाच्या फुलांवरून त्यांचा पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं. शिपाई धावले, खुर्ची आली, पाणी आलं. प्राचार्या सत्यशीला मॅडम केबिनमधून जवळजवळ पळतच आल्या. हात छातीशी धरून साहेब ओरडले, "इथं झाडायला कोणी हाय का न्हाई?"

पायऱ्या का झाडलेल्या नव्हत्या, हे त्या आवारात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी. दुसरी हातात खराटा घेऊन बुचाच्या झाडाखाली उभी होती.

कॉलेजला पंचाहत्तर वर्षं होणार होती. त्यासाठी स्मरणिका काढायची ठरली आणि मॅडमनी मला बोलावून घेतलं. "पाऊस ओसरला की सुरू करा मकबूलभाई, मार्गशीर्षापर्यंत. आपली इमारत शरदात जशी दिसते तशी वर्षभर दिसत नाही," त्या म्हणाल्या. ते खरंच आहे. निजामाच्या काळातला काळा दगड पावसाने धुऊन निघालेला असतो, ऊन खाली उतरून कमानींच्या आतपर्यंत जातं, आणि दोन्ही बाजूंची बुचाची झाडं फुलतात. परदेशात म्हणे या दिवसांत पानं लाल होऊन गळतात. आमच्या नांदेडात बुचाची फुलं गळतात, लांब देठांची, पांढरीशुभ्र.

या कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत होतो. मग अब्बांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांचा फोटो स्टुडिओ माझ्या गळ्यात आला. आता लग्नाचे फोटो ड्रोनवाले काढतात आणि बाकीचे सगळे मोबाइलवर निघतात. माझ्याकडे येतात ते पासपोर्ट फोटोवाले. अशा माणसाला मॅडम म्हणाल्या, "स्मरणिकेत तुमचं नाव छापू. छायाचित्रे : मकबूल शेख, माजी विद्यार्थी."

"मी पास कुठं झालो मॅडम?"

"विद्यार्थी तर होता ना?"

त्या दिवशी घरी जाऊन मी हे वाक्य बायकोला तीनदा सांगितलं. रईसा तिन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखं हसली.

रुक्मिणबाई कंत्राटदाराकडून लागलेली होती. अकरा वर्षं ती हे आवार झाडत होती. मी सहाला पोचायचो तेव्हा तिचं निम्मं काम झालेलं असायचं. झाडलेल्या मातीवर खराट्याच्या अर्धगोल रेघा उमटलेल्या असत, एकीला लागून एक, पोर्चपासून फाटकापर्यंत. त्या रेघांचा मला वैताग यायचा.

"मावशी, जमीन विंचरल्यावानी दिसायली फोटोत."

"मंग काय झिंज्या पिंजारलेली दिसू देऊ का?" ती म्हणायची आणि पुढे सरकायची. मी रेघा टाळून कॅमेरा वर उचलायचो. कमानी यायच्या, आभाळ यायचं, जमीन यायची नाही.

मला हवी होती फुलांची पायघडी. बुचाची फुलं रात्रीतून पडतात, पण एका रात्रीचा सडा विरळ असतो. सलग दोन रात्रींची फुलं साचली तर खालची तांबूस होतात आणि वरची पांढरी राहतात. मग सकाळच्या उन्हात त्या सड्याला खोली येते. ही अक्कल मला तीस वर्षांच्या धंद्याने दिलेली. दिवाळी आठवड्यावर आली होती. मी रुक्मिणबाईला म्हटलं, "मावशी, पोर्चचा भाग दोन दिवस राहू द्या. झाडू नका."

तिने खराटा जमिनीला टेकवला. "मुकादम बोंबलंल की हो."

"मी मॅडमना सांगतो ना."

"सांगसाल?"

"हाव मावशी, आजच सांगतो."

"तुमी म्हन्ता मनून हां भाई. न्हाई तर फुलं पडलेली बघून माझे हात शिवशिवायलेत."

मी मॅडमच्या केबिनपर्यंत गेलो, हे खरं आहे. आत मीटिंग चालू होती. फोनवर सांगू म्हणून परतलो. स्टुडिओत गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं. गिऱ्हाइकाचं नाव उगाच घेतोय. मला ते सांगण्याइतकं मोठं वाटलंच नव्हतं. झाडणाऱ्या बाईने दोन दिवस झाडलं नाही, त्यात प्राचार्यांना काय सांगायचं, असं माझ्या मनात होतं. आज ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

तर साहेब खुर्चीत कण्हत होते आणि मॅडमनी विचारलं, "रुक्मिणबाई, काल पण झाडलं नव्हतं इथं?"

"न्हाई मॅडम."

"का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. ती नुसती थांबली. आता मी बोलेन अशी तिची खात्री होती, ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. आपल्या बाजूचा माणूस समोर उभा असला की जसं निवांत वाटतं, तसं तिला वाटत होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मकबूलभाई, तुम्ही तर रोज असता. काही बोलली होती का ही?"

एका क्षणात माणूस किती विचार करतो. साहेबांचं मोडलेलं मनगट, स्मरणिका, कागदावर छापलेलं माझं नाव, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. रुक्मिणबाई काही आली नाही.

"नाही मॅडम. मी आत्ताच आलो," मी म्हणालो.

माझ्या शर्टाला गळ्यापासून पोटापर्यंत बुचाची फुलं चिरडून चिकटलेली होती. अर्धा तास त्या सड्यावर पालथा पडून होतो मी. तिथल्या कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. रुक्मिणबाईने मात्र माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मग तिने पदर खोचला आणि वाकून झाडायला लागली.

"आता झाडून काय उपयोग?" मॅडम म्हणाल्या.

दुपारी मुकादमाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. खराटा तिचा स्वतःचा होता. तो काखेत धरून ती फाटकातून गेली, असं शिपायाने मला नंतर सांगितलं. मी तोवर स्टुडिओत बसून फोटो पाहत होतो. साहेबांचा बूट फ्रेममध्ये यायच्या आधीचा फोटो अप्रतिम आला होता. तीस वर्षांत असा एकही फोटो माझ्या हातून निघाला नव्हता.

घरी रईसाने शर्ट धुवायला घेतला. "ये फूलां कायके जी?"

मी सगळं सांगितलं. तिने शर्ट बादलीच्या काठावर ठेवला. मग म्हणाली, "बोलको आओ ना मॅडम कू. अब्बी के अब्बी."

उद्या जातो, म्हणालो. मग दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. मला त्या सुट्ट्यांचा केवढा आधार वाटला!

सुट्ट्या संपल्यावर मी गेलो, खरोखर सांगायचं ठरवून गेलो. घरापासून कॉलेजपर्यंत वाक्य पाठ करत होतो. मॅडमनी मला बघताच कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. स्मरणिकेचं मुखपृष्ठ होतं. काळ्या पायऱ्या, पांढरी फुलं, कमानीतून आत आलेलं ऊन.

"साहेबांना पण आवडलं. म्हणाले, मी पडलो ते वाया गेलं नाही." मॅडम हसल्या. मीही हसलो.

"मॅडम, ते रुक्मिणबाईचं..."

"हो ना. अकरा वर्षं नीट काम केलं आणि नेमकं ऐन वेळी असं. वाईट वाटलं मला. पण नवीन बाई बरी आहे. तुम्ही काही म्हणत होता?"

"नाही, काही नाही."

"नाव असंच ठेवायचं ना? माजी विद्यार्थी?"

"असंच ठेवा," मी म्हणालो.

जानेवारीत समारंभ झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. माझ्या मुलीने, लुबनाने, छापलेल्या नावाचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. रईसा आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

समारंभाच्या आधीच मी तो मुखपृष्ठाचा फोटो मोठा करून स्टुडिओत काउंटरमागे लावला होता. लोक विचारायचे, हे कुठलं? आपल्याच नांदेडातलं म्हटलं की चाट पडायचे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मान खाली घालून मी फोटो कापत होतो. दारातून आवाज आला, "मकबूलभाई, फोटू काढायचा व्हता. फारमावर लावायला."

रुक्मिणबाई होती. वाळली होती जरा. एका खाजगी दवाखान्यात झाडण्या-पुसण्याचं काम निघालं होतं, त्याचा फॉर्म तिच्या हातात होता.

मी तिला स्टुलावर बसवलं. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. माझ्याकडे त्या कॉलेजचे चार महिन्यांचे हजारभर फोटो आहेत. त्यात ही बाई एकदाही नाही, हे मला बटण दाबताना कळलं. पहिल्या फोटोत डोळे मिटले का, तिने विचारलं. तिचे मिटले नव्हते. तरी मी अजून एक काढला.

प्रिंट येईपर्यंत ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसली.

"ह्योच का त्यो?"

"हो मावशी."

"लई झाक आलाय," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

"फारम बी तुमीच भरा. मला लिवता येत न्हाई."

नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. पुढचा रकाना होता : पूर्वीचे काम सोडण्याचे कारण. माझं पेन तिथं थांबलं. मी तो रकाना तिला वाचून दाखवला.

"मावशी, मी खरं लिहितो. मी सांगितलं होतं म्हणून तुम्ही झाडलं नाही, असं लिहितो. खाली माझी सही करतो. मोबाइल नंबर देतो. मोठी चूक झाली माझ्याकडून. मला तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

हे बोलताना मला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं, तेही सांगून टाकतो.

ती दचकली. "तसलं काय लिवू नका बाप्पा! झाडलं न्हाई मनून काढलं, एवढंच वाचतेत लोकं. मंग ठेवतेन का मला? घरची अडचण मनून लिवा. समद्या बाया तसंच लिवतेत."

"पण मावशी..."

"लिवा भाई. टाइम व्हायलाय."

मी लिहिलं : घरगुती अडचण. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनने.

प्रिंट आले. मी कात्रीने फोटोंचे काठ कापले, एक फोटो फॉर्मवर डिंकाने चिकटवला, बाकीचे पाकिटात घालून तिला दिले. कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या काउंटरवर आणि खाली फरशीवर पडल्या होत्या. तिने पाकीट कमरेला खोचलं, वाकली आणि एकेक पट्टी उचलून मुठीत गोळा करायला लागली.

"राहू द्या मावशी," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"एकदा राहू दिलं व्हतं की भाई," ती म्हणाली.

मग तिने उरलेल्या पट्ट्या उचलल्या, कोपऱ्यातल्या डब्यात टाकल्या, हात झटकले आणि पायरी उतरून गेली.