बोर्डावरचं पोट

सहाव्या महिन्यात बाईने कुठे जावं, हे मला तोंडपाठ आहे. गेली चार वर्षं मी तेच विकते. आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात माझं टेबल काचेच्या दाराला लागून आहे आणि टेबलामागच्या भिंतीवर ते बेट आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेली नारळाची झाडं. चार रात्री, पाच दिवस, आणि शेवटच्या संध्याकाळी किनाऱ्यावर फोटोग्राफर. बेबीमून म्हणतात त्याला, बाळ यायच्या आधीची नवरा-बायकोची सहल. मी स्वतः तिथे पाऊल ठेवलेलं नाही. तरी कुठल्या खोलीतल्या नळाला पाणी कमी येतं तेसुद्धा मला माहीत आहे, कारण तक्रारी माझ्याकडेच येतात.

माझ्याकडे एक वही आहे. गिऱ्हाईक कोणकोणती कारणं काढतं आणि त्यावर काय बोलायचं, ते मी तिच्यात लिहून ठेवलंय. 'विमानाची भीती वाटते' याला उत्तर, 'अहो, रिक्षातल्या धक्क्यांपेक्षा विमान कधीही बरं.' 'मला फोटो आवडत नाहीत' याला उत्तर, 'उद्या बाळाने विचारलं, मी पोटात असताना तू कशी दिसायचीस, तर काय दाखवाल?' यावर भल्याभल्या विरघळतात.

शेवटचं पान मात्र साहेबांचं, म्हणजे आमच्या मालकांचं. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "गिऱ्हाइकाने कारण न देता नुसतं 'नको' म्हटलं, तर वाद घालायचा नाही. फॉर्म पुढे सरकवायचा, पेन हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो गेला."

मला सहावा लागला तेव्हा साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर जाहीर केलं, "आता आपल्या मॅडमच बेटावर जाणार! सगळं माझ्याकडून. फक्त फोटो आपण दारावरच्या बोर्डावर लावू. आपलंच माणूस दिसलं की लोकांचा विश्वास बसतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. चार वर्षांची सवय.

तो बोर्ड आठ फुटी आहे. त्याच्यावर झुळझुळीत पांढऱ्या गाऊनमधलं माझं पोट लागणार, आणि रोज सकाळी त्याखालून मी कामावर येणार. बाळ शाळेत जाईपर्यंत ते तिथेच राहणार, कारण साहेब बोर्ड सहसा बदलत नाहीत. आधीच पोट दिसायला लागल्यापासून माझं म्हणून काही उरलं नव्हतं. शेजारीण येता-जाता हात लावते, लिफ्टमधले अनोळखी काका "मुलगाच बघा" म्हणतात. निदान त्याचं चित्र तरी रस्त्यावर टांगू नये, एवढंच मला वाटत होतं. पण ज्याने प्रेमाने दिलं त्याच्या तोंडावर नको कसं म्हणायचं? आणि घरी तर माझ्याआधी बातमी पोचली होती.

सासूबाईंनी बॅग काढून उन्हात ठेवली होती. नवरा सोफ्यावर बसून फोनवर गाऊन बघत होता.

"हा बघ, मागे असा लांब शेपटा. वाऱ्यावर उडतो."

"मला इतका वेळ विमानात बसवणार नाही रे," मी म्हणाले.

"अगं, रिक्षातल्या धक्क्यांपेक्षा विमान कधीही बरं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मी सुट्टीच्या दिवशी घरून गिऱ्हाइकांना फोन करते, आणि हा शेजारी बसून चहा पितो. चार वर्षांत माझी अख्खी वही याने नुसती ऐकून पाठ केली होती.

"मला फोटो काढून घ्यायला आवडत नाही," मी म्हणाले.

"उद्या बाळाने विचारलं..." त्याने सुरुवात केली, आणि सासूबाईंनी तेच वाक्य त्याच्यासोबत पुरं केलं. त्यांचंही पाठ होतं. दोघं खो खो हसले. चिडवण्यातही काही वाईट हेतू नव्हता, हेच तर दुखणं. कुणी छळत असतं तर भांडता आलं असतं.

"आई, मला दगदग होईल हो."

"अगं, एकदा बाळ झालं की कसली आलीय विश्रांती? आत्ताच काय ती." हे वहीतलं अकरावं उत्तर.

शेवटी मी डॉक्टरीणबाईंवर भिस्त ठेवली. त्यांनी रक्तदाब बघितला, बाळाचे ठोके ऐकले आणि प्रवासाचं पत्र चुटकीसरशी लिहून दिलं. "उत्तम तब्येत आहे. जा, मजा करा," त्या म्हणाल्या. इतकं निरोगी असल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

त्या आठवड्यात माझी नजर सारखी टेबलावरच्या एका फ्रेमकडे जायची. गेल्या वर्षीची एक गिऱ्हाईक, शाळेत शिक्षिका. तिचा नवरा हौशी, बोलका. ती शेवटपर्यंत गप्प होती आणि फॉर्म काढल्यावर हळूच म्हणाली, "मला नाही जायचं." कारण दिलं नाही. मी शेवटच्या पानाप्रमाणे फॉर्म सरकवला, पेन दिलं आणि गप्प बसले. तिचा नवराच आधी बोलला, "अगं कर ना सही, मॅडम खोळंबल्यात." तिने दोन्ही सह्या केल्या. एक सहलीची, एक फोटो वापरायच्या परवानगीची. तिचा फोटो इतका सुंदर आला की साहेबांनी फ्रेम करून माझ्यासमोर ठेवला. त्यात तिने गाऊन मुठीत आवळून धरलाय. सगळे म्हणतात वाऱ्यामुळे. मी पण तसंच सांगते.

शनिवारी संध्याकाळी सह्या करायला आम्ही तिघं साहेबांच्या केबिनमध्ये बसलो. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले होते. ती इतकी खोल आहे की पोट घेऊन पटकन उठता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

साहेबांनी फॉर्म ठेवला. मी आठवडाभर सांगितलेली सगळी कारणं मनात उगाळली आणि सोडून दिली.

"मला जायचं नाही," मी म्हणाले.

साहेबांनी फॉर्म बोटभर पुढे सरकवला. पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. आणि खुर्चीत मागे टेकून प्रेमळ चेहरा करून गप्प बसले.

मीही गप्प बसले. पेन कागदाला टेकवलं नाही. बाहेर कुणीतरी प्रिंटरमध्ये कागद घालत होतं. सासूबाईंनी पर्स उघडली, बंद केली. नवऱ्याने सवयीने तोंड उघडलं, आणि त्याला काही सुचेना. हे पान त्याने कधी ऐकलंच नव्हतं. फोनवर गप्प बसून चालत नाही, गिऱ्हाईक 'हॅलो, हॅलो' करून ठेवून देतं. आठवडाभरात पहिल्यांदाच तो उत्तर न शोधता माझ्याकडे बघत होता. मग त्याची नजर पेनावर गेली.

"साहेब," तो म्हणाला, "तिला नाही जायचं."

मला रडूच आलं. सासूबाईंनी "अगोबाई!" म्हटलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग आधी सांगायचंस की गं!" मी आधीच सांगत होते, पण ते आता कोण उकरून काढणार.

साहेब चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि काचेतून माझ्या टेबलाकडे बघितलं.

"हरकत नाही. मग बोर्डावर त्या शिक्षिकाबाई घेऊ. फोटो तर सुरेखच आहे."

माझे अश्रू जागच्या जागी थिजले. "साहेब, त्या नको."

"का हो?"

"त्यांना नाही आवडणार."

"परवानगी आहे की त्यांची. सही तुम्हीच तर घेतलीत."

मी कारण दिलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे उत्तर होतं.

बोर्ड लागून तीन आठवडे झाले. रोज सकाळी मी तिच्याखालून आत येते आणि मान वर करत नाही. तिची ती मूठ आता माझ्या डोक्याएवढी झाली आहे. काल एक जोडपं आलं. नवरा बोलत होता, बायको दारातून वळून वळून वर बघत होती.

"बोर्डावरच्या ताई किती खूश दिसतात हो," ती म्हणाली, "खरंच इतकं छान वाटतं का तिथे?"

वहीत याला उत्तर आहे, आणि ते मला तोंडपाठ आहे. फॉर्म काढायचं निमित्त करून मी खालच्या खणापाशी वाकले आणि बराच वेळ वर आले नाही.