चिमणीचा प्रश्न

बाईंनी खिडकीच्या फटीत जाड पुठ्ठा कोंबला, जमिनीवर मधोमध चेंडू ठेवला आणि दार ओढून घेतलं. शाळेच्या सामानाच्या खोलीत पहिलीची मुलं भिंतीला टेकून बसली होती. काळोख झाला तशी खुसखुस सुरू झाली.

"कोणाला काय दिसतंय?"

"काहीच नाही!"

सकाळी वर्गात चिमणीने ठासून सांगितलं होतं, की डोळ्यांतून उजेड निघतो म्हणून आपल्याला दिसतं. मांजरीचे डोळे नाहीत का चमकत? चिमणी वर्गात सगळ्यांत लहान, पण वाद घालण्यात कुणाला ऐकायची नाही. बाईंनी तिला "चूक" म्हटलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याच मुलाला तसं म्हटलं नव्हतं. "चल, करून बघू," एवढंच म्हणाल्या.

"डोळ्यांत उजेड असता तर आता दिसलं असतं ना? थांबा, आता बाहेरचा थोडासा उजेड आत घेऊ."

त्यांनी चाचपडत पुठ्ठा सरकवला. सरकला की नाही, त्यांना कळेना.

"चेंडू दिसला!"

"पण तो लाल होता ना? आता काळाच दिसतोय!"

"आणि त्या बघा आपल्या बाई!"

बाई वळल्या. समोर काळोखच होता. फट होती तिथेही. आधी अंधुक उजेडातलं दिसणं जाईल, मग कडेचं, डॉक्टर म्हणाले होते, औषध नाही. शाळेत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

"बाई, चेंडू द्या ना इकडे," चिमणी म्हणाली.

बाई वाकल्या. हात जमिनीवरून फिरला. पुन्हा फिरला. कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि मधेच थांबलं.

"तिथे नाहीये, बाई. तुम्हाला दिसत नाही का?"

ओठांवर आलेलं खोटं त्यांनी गिळलं.

"नाही गं."



"मला पण आधी नव्हतं दिसत," चिमणी समजुतीच्या सुरात म्हणाली. "जरा थांबलं की दिसायला लागतं. बसा तुम्ही."

तिने हात धरून त्यांना खाली बसवलं. बाकीची मुलंही सरकत जवळ आली. 

मधल्या सुट्टीची घंटा झाली. एकही मूल उठलं नाही.

"आता, बाई?"

"अजून नाही."

"बरं," चिमणी म्हणाली, आणि मांडी घालून नीट बसली.